मांजराच्या डोळ्यांचे विकार व त्यांवरील उपाय

ज्याच्या कणगींत वर्षाचें धान्य पडलेलें आहे, त्याला मांजराची थोरवी सांगावयास नको. उंदीर जेवढें खातो त्याहून अधिक नासवितो, आणि त्याच्या मूत्रापासून माणसांना व गुरांना रोग लागतात ते निराळेच. असें असूनही बैल लंगडूं लागला तर घरांतील माणसें त्याच दिवशीं धांवाधांव करतात, आणि मांजर चार दिवस एक डोळा मिटून चुलीमागें बसलें तरी त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. गेलेंच, तर पूर्वीं घरांत कोणाचे तरी डोळे आले होते तेव्हां आणलेली थेंबांची अर्धी बाटली फळीवरून काढण्यांत येते, व तींतले दोन थेंब मांजराच्या डोळ्यांत सोडण्यांत येतात. दुर्लक्षानें मांजराचे डोळे जातात हें खरें. परंतु या दोन थेंबांनींही ते जातात, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. म्हणून या विषयाचें थोडें सविस्तर विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोग ओळखावयाचा तर आधीं निरोगी डोळा कसा असतो हें पाहून ठेविलें पाहिजे. मांजर स्वस्थ असतांना त्याला उजेडाकडे तोंड करून बसवावें व दोन्ही डोळे एकमेकांशीं ताडून पाहावे. बुबुळावरचा पडदा नव्या काचेसारखा स्वच्छ असावा व खिडकीचें प्रतिबिंब त्यांत अखंड दिसावें. बाहुली उन्हांत उभ्या चिरेसारखी बारीक होते आणि तिन्हीसांजेला मोठी व वाटोळी होते. दोन्ही डोळ्यांत ती सारखी असली पाहिजे. खालची पापणी बोटानें किंचित् ओढल्यास आंतील अस्तर फिकट गुलाबी दिसतें. सकाळीं नाकाकडील कोपऱ्यांत तपकिरी रंगाचा एखादा वाळलेला कण असणें हा रोग नव्हे. एक डोळा निळा व दुसरा पिवळा असणें हाही रोग नव्हे. रात्रीं विजेरीच्या झोतांत डोळे हिरवे चमकतात, तें डोळ्याच्या तळाशीं असलेल्या आरशासारख्या थरामुळें. त्याच थराच्या साहाय्यानें मांजराला अंधुक उजेडांत उंदीर दिसतो. त्यांत भुताटकीचें कांहीं नाहीं.

मांजर आपलें दुखणें लपवितें. कुत्र्यासारखें तें कण्हत नाहीं, कीं बैलासारखें वैरण टाकून उभें राहत नाहीं. तेव्हां त्याच्या डोळ्याची भाषा आपणच शिकली पाहिजे. एक डोळा बारीक करून किंवा मिटून बसणें, उजेड टाळणें, पंजानें तोंड घासणें, डोळ्यांतून सारखें पाणी गळणें, यांचा अर्थ डोळा दुखत आहे असाच समजावा. येथें आम्ही एकच नियम सांगतों: मांजरानें डोळा मिटला असेल तर गुरांच्या दवाखान्याची वाट त्याच दिवशीं धरावी, उद्यांवर टाकूं नये. नुसतें स्वच्छ पाणी येत असेल, डोळा पूर्ण उघडा असेल व मांजर खेळतें-खातें असेल, तर एखादा दिवस वाट पाहण्यास हरकत नाहीं. पिंवळा किंवा हिरवट पू येऊं लागला, बुबुळावर दुधी अथवा निळसर झांक आली, एक बाहुली मोठी व एक लहान दिसूं लागली, डोळ्यांत रक्त दिसलें किंवा डोळा दुसऱ्याहून मोठा वाटूं लागला, तर मात्र वाट पाहणें म्हणजे डोळा गमावणें होय.

मांजराला माणसापेक्षां एक पापणी अधिक असते. ती पांढुरकी असून नाकाकडच्या कोपऱ्यांतून आडवी सरकते. एरवीं ती दिसत नाहीं. एकाच डोळ्यावर ती आली असेल तर त्या डोळ्यास इजा झाली असण्याचा संभव फार. दोन्ही डोळ्यांवर सारखीच आली असेल तर दोष बहुधा डोळ्यांत नसून पोटांत किंवा सर्व शरीरांत असतो: जंत, हगवण, ताप, अथवा अंगांतील पाणी कमी होणें. कित्येक लोक हिलाच वडस समजतात व ती कापून किंवा खरवडून काढावयास पाहतात. असें कदापि करूं नये. ही पापणी डोळ्याला ओलावा पुरविते व धुळीपासून त्याचें रक्षण करिते.

आतां डोळे येण्याविषयीं. मांजराचे डोळे येतात ते पुष्कळदां सर्दीबरोबर येतात. शिंका, नाक वाहणें, आणि पापण्या चिपडांनीं चिकटणें, असा तो थाट असतो. याच्या मुळाशीं बहुतेक वेळां मांजरांमधील हर्पीस जातीचा विषाणु असतो. एकदां शरीरांत शिरला म्हणजे तो मज्जातंतूंत दडून राहतो, व मांजर व्यालें, घर बदललें, दुसरें मांजर आलें किंवा आजारपण झालें कीं पुन्हां डोकें वर काढतो. दुसरें कारण क्लॅमिडिया नांवाचा सूक्ष्म जंतु. हा बहुधा एका डोळ्यांत सुरू होऊन कांहीं दिवसांनीं दुसऱ्यांत जातो, आणि पापणीच्या आंतील अस्तर इतकें सुजवितो कीं तें बाहेर डोकावूं लागतें. यावर पशुवैद्य डॉक्सिसायक्लिनसारखें औषध पोटांत देतात, व तें सुमारें चार आठवडे नेमानें द्यावें लागतें. आठ दिवसांत डोळा निवळला म्हणून औषध बंद केलें तर रोग फिरून येतो. ही गोळी कोरडी गिळवूं नये. ती अन्ननलिकेंत अडकल्यास तेथें व्रण होतो. मागाहून सुई काढलेल्या पिचकारीनें थोडें पाणी पाजावें.

हर्पीसचा विषाणु माणसाला लागत नाहीं. क्लॅमिडिया क्वचित् लागतो, म्हणून आजारी मांजराला हात लावल्यावर साबणानें हात धुवावे व त्याची ताटली, अंथरूण हीं इतर मांजरांपासून वेगळीं ठेवावीं. पिलूं सहा ते आठ आठवड्यांचें झालें म्हणजे सर्दीच्या या विषाणूंविरुद्ध लस टोंचतां येते. तिनें रोग अजिबात टळतोच असें नाहीं, परंतु त्याचा जोर पुष्कळ कमी होतो.

डोळे येण्यापेक्षां अधिक भयंकर गोष्ट म्हणजे बुबुळावरच्या पडद्याला पडलेला व्रण. शेतावरच्या मांजराला तो होण्यास कारणें पुष्कळ असतात. कडब्याच्या गंजींत उंदरामागें धांवतांना काडी खुपते, कुसळी गवताचें कुसळ पापणीखालीं जाऊन बसतें, बोक्याशीं मारामारी होऊन नख लागतें. वर सांगितलेल्या हर्पीसनेंही हा व्रण पडतो. हा पडदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असून त्यांत रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच तो पारदर्शक असतो. परंतु त्यामुळेंच जखम झाली असतां ती भरून काढणारीं द्रव्यें तेथें सावकाश पोंचतात. वरची नाजूक त्वचा सोलली गेली, इतकेंच असेल तर ती थोड्याच दिवसांत भरून येते. पण त्या जखमेंत जंतु शिरले तर ते पडद्याचें द्रव्यच विरघळवूं लागतात, आणि मग एकदोन दिवसांतही पडद्याला भोंक पडून आंतील पाणी बाहेर येतें. सुरुवातीला हा व्रण साध्या नजरेला दिसत नाहीं. पशुवैद्य फ्ल्युओरेसीन नांवाचा पिवळा रंग डोळ्यांत सोडून निळ्या उजेडांत पाहतात. जेथें त्वचा गेलेली असेल तेवढाच भाग हिरवागार चमकतो. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे व ती झाल्यावांचून मांजराच्या मिटलेल्या डोळ्यांत कोणतेंही थेंब घालणें शहाणपणाचें नाहीं.

फळीवरच्या त्या बाटलीचा धोका येथेंच आहे. माणसांसाठीं मिळणाऱ्या कित्येक थेंबांत जंतुनाशक औषधाबरोबर स्टेरॉइड जातीचें औषध मिसळलेलें असतें. त्यानें लाली व सूज झपाट्यानें उतरते, आणि घरच्यांना गुण आला असें वाटतें. परंतु तेंच औषध जखम भरूं देत नाहीं, शरीराची रोगाशीं झुंजण्याची शक्ति त्या जागीं दाबून टाकतें, आणि हर्पीसच्या विषाणूला तर मोकळें रानच करून देतें. बाहेरून डोळा पांढरा दिसत असतांना आंत व्रण खोल खोल जात असतो. यासाठीं बाटलीवरचें नांव वाचण्याची संवय ठेवावी. घटकद्रव्यांत डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, अशीं ‘सोन’ किंवा ‘लोन’ यांनीं संपणारीं नांवें दिसलीं तर ती बाटली मांजरापासून दूर ठेवावी. पशुवैद्यानें डोळा तपासून तींच औषधें दिलीं तर गोष्ट वेगळी; डोळ्याच्या कांहीं विकारांत त्यांची गरज असते. शिवाय एकदां उघडलेली बाटली महिनाभरानंतर निरुपयोगी समजावी, मग तींत औषध कोणतेंही असो.

दवाखाना दूर आहे, किंवा रात्र झाली आहे, तर घरीं काय करावें? एक लिटर पाणी उकळून थंड करावें व त्यांत ९ ग्रॅम साधें मीठ विरघळवावें. अर्ध्या लिटराला चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ पुरतें. मांजराला जुन्या धोतरांत किंवा जाड पंचांत गुंडाळून फक्त डोकें बाहेर ठेवावें. पंजे मोकळे राहिले तर काम होत नाहीं व आपलेच हात फाटतात. स्वच्छ कापूस या कोमट पाण्यांत भिजवून चिकटलेल्या पापण्यांवर मिनिटभर ठेवावा, चिपडें मऊ झालीं म्हणजे नाकाकडून कानाकडे हलक्या हातानें पुसावें, आणि दुसऱ्या डोळ्याला दुसरा कापूस घ्यावा. डोळ्यांत कुसळ सैल तरंगत असेल तर पाण्याच्या धारेनें तें निघून येतें. रुतलेलें असेल तर ओढूं नये. त्यानंतर मांजराला अंधाऱ्या खोलींत बंद करावें. तें डोळा खाजवीत असेल तर पुठ्ठ्याची नरसाळ्यासारखी पट्टी करून गळ्याभोंवतीं बांधावी, म्हणजे पंजा डोळ्यापर्यंत पोंचत नाहीं. कुत्र्यानें डोकें धरल्यामुळें डोळा खांचेबाहेर आला असेल तर तो आंत ढकलूं नये. मिठाच्या पाण्यानें भिजविलेलें स्वच्छ फडकें त्यावर ठेवून, तें ओलें राखीत, तडक दवाखाना गांठावा. या खटाटोपांत मांजर चावलें तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून माणसांच्या दवाखान्यांत जावें व पिसाळरोगाच्या लशीविषयीं विचारावें.

चुना, मिरचीची पूड, फवारणीचें औषध, रुईचा किंवा निवडुंगाचा चीक, यांपैकीं कांहीं डोळ्यांत गेलें तर मात्र मीठ शोधीत बसूं नये. घरांत असेल त्या स्वच्छ पाण्यानें पंधरा-वीस मिनिटें सारखा डोळा धुवावा आणि मगच निघावें. त्यांत चुना सर्वांत वाईट. तो पडद्याच्या आंतपर्यंत जाळीत जातो.

आमच्या खेड्यांतून डोळ्यावर घरगुती उपायांचा तुटवडा नाहीं. बैलाच्या डोळ्यांत फूल पडलें म्हणजे तंबाखू व मीठ चघळून त्यांत थुंकणारे लोक आहेत, व तोच प्रयोग कोणी मांजरावरही करतात. तुरटीचें पाणी, मध, हळद, काजळ, दुधाची साय, हींही वापरण्यांत येतात. यांपैकीं कांहीं पदार्थ त्वचेच्या जखमेवर चालत असतील. उघड्या व्रणाच्या डोळ्यांत ते चालत नाहींत. फूल म्हणून जें पांढरें दिसतें तो पुष्कळदां भरत आलेल्या व्रणाचा वण असतो, व तो थुंकीनें जात नाहीं. बोरिक पुडीचें पाणीही वापरूं नये, कारण मांजर तोंड चाटून तें पोटांत घेतें. दुखणें कमी व्हावें म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी देणारे तर मांजराला विषच देतात. एका गोळीनें मांजर दगावतें.

पिलांची गोष्ट थोडी निराळी आहे. तीं डोळे मिटलेलीं जन्मतात व सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात. त्यापूर्वींच मिटलेली पापणी फुगीर दिसूं लागली, किंवा फटींतून पू डोकावला, तर आंत पू सांचला आहे हें निश्चित. डोळे उघडण्याची वेळ अजून आली नाहीं म्हणून थांबण्यांत अर्थ नाहीं. कोमट ओल्या कापसानें शेकून नाकाकडील कोपऱ्यापासून पापण्या हळूच विलग कराव्या, नखानें किंवा टोंकदार वस्तूनें नव्हे, आणि पू धुवून काढून पशुवैद्याकडून मलम आणावें. दिवसांतून तीनचार वेळां पापण्या धुवाव्या लागतात, नाहीं तर त्या फिरून चिकटतात. उशीर झाल्यास आंतील अस्तर बुबुळाला कायमचें जोडलें जातें व पिलूं जन्माचें अधू होतें.

गोठ्यांतील औषधांविषयींही येथें सांगावयास पाहिजे. एन्रोफ्लॉक्सासिन हें जंतुनाशक गाईम्हशींसाठीं पुष्कळ वापरण्यांत येतें, व उरलेली बाटली गोठ्यांत पडून असते. मांजराला याची मात्रा दिवसाला दर किलो वजनामागें ५ मिलिग्रॅमहून अधिक झाली तर डोळ्याच्या तळाचें दृष्टिपटल नासून तें आंधळें होऊं शकतें. गुरांच्या औषधाच्या एका मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम असलें तर तीन किलोंच्या मांजरास पाव मिलिलिटरही अधिक झाला. अशा मांजराच्या बाहुल्या भर उन्हांतही मोठ्या राहतात, व गेलेली दृष्टि बहुधा परत येत नाहीं.

आतां आहाराकडे वळूं, कारण शेतकऱ्याच्या मांजराचे डोळे न दुखतां, न सुजतां जातात ते या वाटेनें. मांजराला टॉरिन नांवाचें एक द्रव्य अन्नांतूनच मिळावें लागतें. आपल्या शरीरांत पुरेसें तयार करण्याची शक्ति त्याला नाहीं. तें मांसांत व मासळींत असतें, धान्यांत मुळींच नसतें. १९७५ सालीं हेज, कॅरी व श्मिट या संशोधकांनीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत असें दाखवून दिलें कीं, ज्या मांजरांना प्रथिन म्हणून केवळ दुधांतील केसीन दिलें त्यांचें दृष्टिपटल टॉरिनच्या अभावीं झिजत गेलें. पुढें १९८७ सालीं याच उणिवेनें मांजराचें हृदयही दुबळें होतें असें सिद्ध झालें.

आमच्याकडील मांजराला दूधभाकरी घालतात, आणि पूर्वीं त्यावर त्याचें भागत असे. कारण उरलेली भर तें उंदरांनीं करून घेई, व उंदराच्या मांसांत टॉरिन भरपूर असतें. परंतु ज्या घरांत धान्य लोखंडी कोठ्यांत गेलें, जमिनीला फरशी झाली व मांजर कोंडून ठेवण्यांत येऊं लागलें, तेथें उंदीर संपले आणि दूधभाकरी तेवढी राहिली. अशा मांजराची नजर महिनोन्महिने हळूहळू कमी होते. तें अंधारांत दाराला थटूं लागतें, उडी चुकतें, आणि घरचे लोक तें म्हातारें झालें असें म्हणतात. झालेली हानि भरून येत नाहीं, पण वेळींच ओळखल्यास पुढची थांबवितां येते. मांस किंवा मासळी उकडून घालीत असाल तर त्याचें पाणीही द्यावें, कारण टॉरिन त्या पाण्यांत उतरतें. अंड्यांत तें फार थोडें असतें. ज्यांच्या घरीं मांसाहार नाहीं त्यांनीं टॉरिन घातलेलें मांजरांचें तयार खाद्य आणावें. कुत्र्याचें खाद्य मांजराला पुरें पडत नाहीं. गाजरें घालून डोळे सुधारतील ही कल्पनाही सोडावी. गाजरांतील पिवळ्या द्रव्यापासून माणूस अ जीवनसत्त्व बनवितो, मांजराला तें बनवितां येत नाहीं. तें त्याला काळजांतून मिळतें. पण रोज नुसतें काळीज घातल्यास अ जीवनसत्त्व अति होऊन मानेचीं हाडें जखडतात, म्हणून तेंही बेतानेंच द्यावें.

उंदरांवर विष ठेवणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ब्रोमाडायोलोनसारखें विष खाल्लेला उंदीर मांजरानें खाल्ला तर त्याच्याही रक्ताची गोठण्याची शक्ति जाते. डोळ्याच्या आंत किंवा हिरडींत रक्त दिसलें तर विषाच्या पाकिटासह मांजर दवाखान्यांत न्यावें. मांजर पाळावयाचें असेल तर असें विष घरांत न ठेवणेंच बरें.

दहा-बारा वर्षांच्या पुढील मांजर रात्रींतून आंधळें झाल्यासारखें वागूं लागलें, बाहुल्या मोठ्या राहिल्या, तर रक्तदाब वाढून दृष्टिपटल सुटलें असण्याचा संभव असतो. मूत्रपिंड बिघडलेल्या मांजरांत हें विशेष आढळतें. माणसांना रक्तदाबावर देतात तें ॲम्लोडिपिनच अगदीं अल्प मात्रेंत पशुवैद्य देतात, व पहिल्या कांहीं दिवसांत उपचार झाल्यास थोडी दृष्टि परत येऊं शकते. म्हातारपणीं डोळ्यांत येणारी निळसर धुरकट छटा मात्र बहुधा निरुपद्रवी असते. खरा मोतीबिंदू मांजरांत बहुधा डोळ्याच्या आंतील जुन्या दाहामागून येतो, म्हणून त्या दाहाचें कारण शोधावें लागतें. पांढऱ्या मांजराच्या पापणीच्या कडेला किंवा कानाच्या टोंकाला न भरणारी खपली धरली तर तो उन्हानें होणारा कर्करोग असूं शकतो. लहान असतांनाच तो कापून काढतां येतो.

कधीं कधीं सर्व उपाय करूनही डोळा फुटतो किंवा दुखत राहतो, आणि तो काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. लोक अशा वेळीं मांजर सोडून देतात. तसें करण्याचें कांहीं कारण नाहीं. दुखरा डोळा गेला कीं मांजर चार दिवसांत खाऊं लागतें, आणि एका डोळ्यानेंही उंदीर धरतें. दोन्ही डोळे गेलेलें मांजरसुद्धां मिशा, कान व नाक यांच्या आधारें घरांत वावरतें. फक्त त्याची ताटली, पाणी व निजण्याची जागा बदलूं नये, आणि विहिरीला कठडा नसेल तर त्याला त्या बाजूला मोकळें सोडूं नये.